गड्यालाही मन असते

शेतकऱ्याने आत्मघात केला म्हणजे आपल्याकडे दोन पक्षांची लागलीच जुंपते. एक म्हणतो, ‘कर्जाने मेला’. दुसरा म्हणतो, ‘दारूने मेला’. दोघांचाही आवेश मोठा. परंतु मेलेल्या माणसास मन होते आणि ते आजारी असू शकते, हे कोणाच्याच ध्यानी येत नाही. ह्या विस्मरणावर आमचा आक्षेप आहे.

बीड जिल्ह्याचेच पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल डोक्यावर असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाची मोजणीच जेथे हत्याराच्या नावाने होते, तेथे त्याच्या मनाची विचारपूस कोण करणार? एक दिवस बसून राहिला तर खाडा लागतो. ‘कशात जीव लागत नाही’ हे तर कारणच नव्हे! मग तो झोप नाही, भूक नाही, डोके जड आहे, असे सांगतो. कोणी अंगारा लावतो, कोणी सुई टोचतो. आतली खिन्नता मात्र संतापाचे व व्यसनाचे सोंग घेऊन घरात वावरते, आणि तिचा मार बहुधा बायकोच्या पाठीवर बसतो.

‘हे सारे दारिद्र्याचे फळ,’ असे कोणी म्हणतील. दारिद्र्य आम्ही नाकारीत नाही. पण ते बायकोच्या वाट्यासही तितकेच येते. २०२२ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत आत्महत्या केलेल्या ५,२०७ शेतकऱ्यांपैकी ४,९९९ पुरुष आहेत. जमीन बाईच्या नावे क्वचितच असते, म्हणून सरकारदरबारी ती शेतकरी ठरत नाही, हा आक्षेप खरा. परंतु मजूर ठरण्यास सातबारा लागत नाही. तरी त्याच वर्षीच्या ६,०८३ शेतमजुरांत ५,४७२ पुरुषच आहेत. केवळ दारिद्र्याने ह्या तफावतीचा उलगडा होत नाही.

तिचे एक मूळ आपल्या वळणात आहे. पाच वर्षांच्या पोरास आपण ‘बायकांसारखा रडतोस काय?’ म्हणून दटावतो. मोठेपणी ‘हातात बांगड्या भर’ म्हणून हिणवतो. बाईला दुःख बोलण्यास निदान जाते आणि पाणवठा होता. पुरुषाला पार आहे. पण तेथे साऱ्या जगाच्या राजकारणाचा काथ्याकूट होतो, स्वतःच्या मनाविषयी अवाक्षर निघत नाही.

हा आपला सनातन संस्कार आहे, असे म्हणणारांनी गीता पुन्हा उघडावी. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच विषादावरून पडले आहे. गांडीव ज्याच्या हातून गळते, तो काही भेकड नव्हे. नामर्दपणाचा टोमणा तेथे भगवंतांनीही मारून पाहिला. त्याने अर्जुन उठला नाही. लढणार नाही एवढे सांगून गप्प बसला. पुढे अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलावे लागले! आपण मात्र टोमण्यापाशीच थांबलो आहोत.

सरकारचा व्यवहारही ह्याहून निराळा नाही. मृताच्या कुटुंबास एक लाखाची मदत मिळण्यापूर्वी जमीन, कर्ज, थकबाकी ह्यांची कागदपत्रे तपासून मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. ज्याच्या घरच्या कोणाच्याच नावे गुंठाभर जमीन नाही, त्या दलित किंवा बंजारा तोडकऱ्याचे मरण ह्या हिशोबात बसतच नाही. मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे २०१७ चा कायदा सांगतो; २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. परंतु बोलणे हेच ज्यास लाजिरवाणे वाटते, तो दूरध्वनी उचलणार कसा?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. कारखान्यांनी तोडीच्या तळावर मनाच्या आजाराचा वैद्य पाठवावा, व आजारपणाचा खाडा, मग ते शरीराचे असो वा मनाचे, मजुराच्या माथी मारू नये. आणि आपण, पारावर बसणारांनी, शेजारचा गडी चार दिवस गप्प दिसला तर ‘काय रे, बाईमाणसासारखा?’ असे न म्हणता, ‘काय होतंय?’ म्हणून विचारावे व उत्तर संपेपर्यंत ऐकावे. कर्जमाफीस सरकारचा हुकूम लागतो; ह्या एका प्रश्नास कोणाचाही हुकूम लागत नाही.