चिठ्ठी कुणाच्या बापाची?

27 फेब्रुवारी 2024. शिमला. राज्यसभेची एक जागा, 68 आमदारांची मतं. अभिषेक मनु सिंघवी 34, हर्ष महाजन 34. जिंकायला पाहिजेत 35. मग काढली चिठ्ठी. नाव निघालं सिंघवींचं आणि पडले सिंघवीच!

2017 ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग 220 मध्येही दोघांना सारखी मतं पडली. तिथे चिठ्ठी निघाली अतुल शहांची आणि ते नगरसेवक झाले. एक चिठ्ठी खुर्ची देते, दुसरी काढून घेते. साध्या निवडणुकीत चिठ्ठी जिंकणारा ठरवते. राज्यसभेत पसंतीक्रमाची मतं. तळाच्याला बाद करत जायचं. तळाला दोघं सारखे, तर चिठ्ठी ज्याची तो बाद. सिंघवी याविरुद्ध हायकोर्टात गेले.

तुम्ही म्हणाल, बड्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? संबंध आहे. मी गोदीत बघतो : माल आम्ही वाहतो, टॅलीची वही दुसऱ्याच्या हातात. मजुरी ठरते वहीवर. मतांचंही तेच. मोजायची रीत ज्याच्या हातात, त्याचं राज्य.

म्हणून रीत शिका. सोपा हिशेब सांगतो. 100 मतं, 4 जागा. 100 ला 5 नं भागा, 1 मिळवा : 21. हा कोटा. पाच जणांना 21-21 मतं मिळूच शकत नाहीत. म्हणजे 21 जण एकजुटीनं उभे राहिले, तर बाकीच्या 79 नी कितीही आपटू दे, एक जागा त्या 21 चीच. मुंबई इलाख्यातल्या काँग्रेसी बहुमतानं दार लावलं, तेव्हा 1946 साली जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आमदारांनी याच रीतीनं बाबासाहेबांना घटना समितीत धाडलं.

ही रीत आमदारांना मिळते. आपल्याला काय? ज्याची मतं जास्त, तो सगळं नेतो. उरलेली मतं रद्दी. राखीव जागेवरही आपला माणूस कोण, हे बहुसंख्यच ठरवतात. 2017 साली पुण्या-नागपुरात चार-चार सदस्यांचे प्रभाग होते. पण प्रत्येक जागेची मोजणी वेगळी. एकाच बहुमतानं चारही उचलाव्यात, अशीच ती सोय!

बाबासाहेबांनी 1949 च्या जानेवारीत घटना समितीत प्रमाणशीर पद्धत नाकारली होती. ते लपवायचं कारण नाही. लोक निरक्षर आहेत आणि सरकार टिकलं पाहिजे, ही त्यांची कारणं. दुसऱ्यावर आजही वाद होऊ द्या. पण पहिलं? वस्तीतली म्हातारी मोबाईलवर नंबर दाबते. तिला नावापुढे 1, 2, 3 लिहिता येणार नाही?

आपली मागणी साधी आहे : जिथे चार जागांचा प्रभाग, तिथे पसंतीक्रमाचं मत आणि कोटा. आणि चिठ्ठी काढायचीच वेळ आली, तर तिचा अर्थ काय, हे मतदानाआधी भिंतीवर लिहा. विहारात फळा लावा, खडू घ्या, पोरांकडून कोटा काढून घ्या. टॅलीची वही हातात घ्यायची, तर आधी ती वाचता आली पाहिजे.