मोठे टायर टाकण्याआधी क्राउन-पिनियनचं बघा

पिकअपला मोठे टायर टाकायचे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: घासतील का, आणि केवढ्याला पडतील. भरलेली गाडी घेऊन घाट उतरणाऱ्याने खरं तर त्याआधी आणखी एक गोष्ट विचारायला हवी. या टायरला क्राउन-पिनियनचा रेशो कोणता लागेल? त्या कामाचे पैसे बाजूला काढता येत नसतील तर टायरही घेऊ नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

हिशेब अवघड नाही. मागच्या हौसिंगमध्ये प्रॉपेलर शाफ्टचं छोटं पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील, तर रेशो ४.१०. म्हणजे शाफ्ट चार फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला की चाकाचा एक फेरा होतो. पिनियन ९ दातांचं असेल तर रेशो ४.५६. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरतं.

आता २१५/७५ आर १५ हा टायर घ्या. त्याची उंची साधारण ७०३ मिलिमीटर. त्या जागी ३१ इंची टायर चढवला की उंची ७८७ होते, म्हणजे १२ टक्के वाढ. जमिनीपासून गाडी उचलली जाते ती जेमतेम ४२ मिलिमीटर, कारण उरलेली अर्धी वाढ एक्सलच्या वर जाते. एवढ्यासाठी ४.१० चा रेशो ३.६६ असल्यासारखा वागू लागतो. चढावर गाडी उचलायला क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो आणि प्लेट लवकर जळते. सपाटीवरही पाचव्यात ओढत नाही म्हणून ड्रायव्हर चौथ्यात चालवत राहतो.

चढावरची ही कुरकुर निदान कळते तरी. मला काळजी आहे ती उताराची. कराडहून माल भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारी पिकअप इंजिनच्या धरण्यावर उतरत असते. टायर मोठा झाला की त्याच गिअरमध्ये इंजिन कमी धरतं. राहिलेलं काम ब्रेकवर येतं, आणि त्याच ब्रेकला आता जास्त उंच आणि वजनदार चाक आवरायचं असतं. ड्रम तापले की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. तुमच्या ड्रायव्हरने वर्षानुवर्षं ज्या वळणावर तिसरा गिअर ठेवला, तो तिथे आता पुरणार नाही, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

नवा रेशो काढायला जुन्या रेशोला नव्या टायरच्या उंचीने गुणा आणि जुन्या टायरच्या उंचीने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं ४.५९, म्हणून ४.५६ ची जोडी घ्यायची. थेट गिअरमध्ये ताशी ८० ला गाडी आधी साधारण २४७० आरपीएमवर चालत असेल, तर मोठ्या टायरवर ती २२१० वर येते आणि नवी जोडी बसवली की पुन्हा २४६० वर. सतत घाटात जड माल असेल तर एक पायरी पुढचा रेशो चालेल. हायवेवरच्या गाडीला तो देऊ नका, डिझेल उगीच जळेल.

आपला रेशो माहीत नसेल तर तो घरीच मोजता येतो. सपाट जागी गाडी न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचला आणि एक्सलखाली घोडी द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. हँडब्रेक सोडा. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तोच तुमचा रेशो. दोन फेरे यासाठी की साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना उचललेलं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. फक्त मागचा बदलून फोर व्हील टाकलं तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटतो. म्हणजे खर्च दोन जोड्यांचा धरा.

क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनेच घासून येतात, दोन्हींवर एकच जोडी-नंबर असतो. भंगारातून एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन आणून बसवू नका, ते ओरडेल आणि दात खाईल. मेकॅनिकला बॅकलॅश, म्हणजे दोन्हींच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजवर मोजायला सांगा, आणि दातांना पेस्ट लावून ठसा दाखवायला सांगा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. कडेला असेल तर शिम बदलून पुन्हा बांधायला लावा, तिथे संकोच करू नका.

टायरचा लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, पिकअपला तर अजिबात नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं, म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा, विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. स्पीडोमीटरही तपासा. मोठ्या टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने धावत असते. ज्या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून चालतो, तिथे नव्या जोडीने तोही जवळपास ताळ्यावर येतो. चाकाच्या सेन्सरवर चालणारा मात्र वेगळा जुळवून घ्यावा लागतो.

नवी जोडी बसल्यावर पहिल्याच दिवशी माल भरू नका. वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. आठशेएक किलोमीटरनंतर हौसिंगचं ऑइल बदला. पहिल्या ऑइलमध्ये थोडी बारीक भुकटी निघणारच. तुकडे निघाले तर गाडी तशीच मेकॅनिककडे न्या.