ऑनलाइन लेक्चर: हजेरी लागली, पण शिकायला किती मिळालं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा बिघडली तेव्हा दिल्ली विद्यापीठाने काही दिवस वर्ग ऑनलाइन नेले. साथ असो, पूर असो की प्रदूषण, आता पहिला उपाय हाच सुचतो. मार्च २०२० मध्ये सगळंच नवं होतं, तेव्हाचा गोंधळ समजू शकतो. आजही तोच गोंधळ झाला तर त्याला सबब नाही.

आधी साधा हिशेब बघा. लाइव्ह व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालला तर तासाला ४५० एमबी डेटा जातो. रोजचं दीड जीबीचं पॅक तीन लेक्चरमध्येच संपत येतं. धाकट्या भावाची शाळाही त्याच फोनवर असेल तर? तेच लेक्चर ६४ किलोबिटने नुसतं आवाजात रेकॉर्ड केलं, तर तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. सोबत नोट्सची पीडीएफ. पंधरा पट फरक, आणि त्यासाठी नवा टॉवर लागत नाही.

तरीही अनेक कॉलेजं लाइव्ह वर्गालाच चिकटून राहिली, कारण तिथे हजेरी घेता येते. माझ्या मते अशी हजेरी मुलाचा अभ्यास मोजत नाही, त्याच्या गावातली रेंज मोजते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. फोन आता बऱ्याच जणांकडे आहे, मान्य. पण सहा इंची स्क्रीनवर ऑटोकॅड शिकून दाखवा! आणि व्हिडिओ पाहून लेथ मशीन चालवता येत नाही. बुडालेली प्रॅक्टिकल्स नंतर भरून काढावीच लागतात.

अडचण प्रत्येकाची वेगळी

हॉस्टेल घाईत रिकामं करताना कुणाची पुस्तकं खोलीतच राहिली. घरी परतलेल्या मुलींच्या वाट्याला लेक्चरच्या वेळेतच स्वयंपाक आला. अंध विद्यार्थ्यांचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वहीच्या पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला सहसा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ती कोरीच. टाइप करून पाठवली असती तर प्रश्न मिटला असता.

काहींना मात्र ऑनलाइन मानवलंही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी लेक्चर थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता आलं. वर्गात कधी हात वर न करणारे चॅटमध्ये प्रश्न विचारू लागले. (कॅमेरा बंद ठेवून झोपणारेही होते, तो भाग वेगळा.) पण मागे नेऊन ऐकायचं तर रेकॉर्डिंग हवं, आणि ते सगळीकडे मिळालं नाही.

तुमच्या कॉलेजने उद्या वर्ग ऑनलाइन जाहीर केले, तर पहिल्याच दिवशी वर्ग प्रतिनिधीमार्फत तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक लेक्चरचं ऑडिओ रेकॉर्डिंग, टाइप केलेल्या नोट्स आणि लाइव्ह हजेरीऐवजी आठवड्याला एक छोटी असाइनमेंट.