रंगाखालचे लाकूड

जुनी वस्तू रंगवून नवी केली की तिचे भले झाले, असे पुष्कळांना वाटते. मीही अनेक वर्षे याच मताचा होतो. आज माझे मत बदलले आहे, आणि ते बदलण्यास एक जुना लाकडी ड्रम कारण झाला. त्याची हकीकत सांगावयाची, तर आरंभी मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे.

२००९ साली मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिचा सुवर्णमहोत्सव होता. बँडपथकातील वाद्ये तेव्हा फार मळकट दिसत. ती तशीच पाहुण्यांपुढे न्यावी, हे मला बरे वाटेना. मी रंगाऱ्याला बोलावले आणि सारे लाकडी ड्रम हिरव्या तैलरंगाने चकचकीत करून घेतले. रंगारी मोठा कामसू होता. एका ड्रमच्या अंगाला त्याला एक वाटोळे छिद्र आढळले. तेही त्याने लांबी भरून बुजवून टाकले आणि वर रंगाचे दोन हात दिले. समारंभ थाटात पार पडला. पाहुण्यांनी वाद्यांच्या देखणेपणाची स्तुती केली. त्या ड्रमचा आवाज मात्र त्या दिवसापासून बसला. वाजवणारा मुलगा दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, ड्रम बोलत नाही." मी त्यालाच अधिक सराव करण्यास सांगितले! पुढे तो ड्रम अडगळीच्या खोलीत गेला, आणि तो मुलगाही दुसऱ्या वर्षी पथकात आला नाही.

हा ड्रम तुम्ही संचलनात पाहिलाच असेल. इंग्रजीत त्याला स्नेअर ड्रम म्हणतात. खांद्यावरील पट्ट्याला अडकवून तो कडेला लोंबता ठेवीत, म्हणून साइड ड्रम हेही त्याचे नाव. युरोपात पायदळाच्या पलटणी त्याच्या ठेक्यावर पावले टाकीत, आणि रणभूमीच्या गोंगाटात सेनापतीचे हुकूम सैनिकांच्या कानी घालण्याचे कामही तोच करी. आपल्या ढोलासारखी यालाही दोन पाने असतात. परंतु त्याचा खरा चमत्कार खालच्या बाजूस आहे. खालचे पान फार पातळ असते आणि त्यावर आरपार काही बारीक तारा ताणलेल्या असतात. पूर्वी तारांच्या जागी आतड्याच्या ताती असत. वरच्या पानावर काठी पडली की आतील हवा खालच्या पानाला ढकलते, ते पान तारांवर आपटते, आणि त्यातून ती कोरडी, खणखणीत चरचर उमटते. आता ध्यानात घ्या, की ही हवा कोंडून राहू नये म्हणून वाद्य घडविणारा घेराला एक छिद्र ठेवतो. आमच्या रंगाऱ्याने बुजविले ते हेच छिद्र!

सेवानिवृत्तीनंतर एकदा शाळेत गेलो असता अडगळीची खोली रिकामी करणे चालले होते. भंगाराच्या ढिगात तो हिरवा ड्रम मला दिसला. मुख्याध्यापिकाबाईंची अनुज्ञा घेऊन मी तो घरी आणला.

प्रथम रंग काढावयाचा होता. जुन्या तैलरंगात पुष्कळदा शिसे असते आणि त्याची धूळ श्वासावाटे पोटात जाणे घातक असते. म्हणून कोरडे घासणे वर्ज्य करून, अंगणात बसून, नाकातोंडावर पट्टी बांधून, मी तो रंग भिजवून भिजवून खरवडला. हे मोठ्यांचे काम आहे. तुम्ही ते करू नये. कड्याखाली, जिथे रंगाऱ्याचा कुंचला पोचला नव्हता, तिथे मुळातले तांबूस पॉलिश शिल्लक होते. त्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकताच ते चिकट झाले. त्यावरून ते लाखेचे होते हे कळले. इतरत्र मात्र हिरव्या रंगाबरोबर तेही निघून गेले. ते गेले ते माझ्यामुळे.

असल्या ड्रमचा घेर कसा करतात, हे पाहण्यासारखे आहे. पातळ फळी वाफेवर मऊ करून गोल वाकवितात, तिची दोन्ही टोके निमुळती तासून एकावर एक चिकटवितात, आणि वाकलेले लाकूड पुन्हा उलगडू नये म्हणून वरखाली आतून आधाराची कडी बसवितात. आमच्या ड्रमचा तो सांधा उकलला होता. सुतारमिस्त्री म्हणाले, "गुरुजी, नवीन गोंद लावू. जन्मात सुटणार नाही." त्यांचा हेतू उत्तम होता, पण मी त्यांना सरसच लावण्याचा आग्रह केला. सरस हा जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, आणि मला तेच हवे होते. आमच्या हातून सांधा चुकीचा बसला, तर पुढच्या माणसाला तो लाकूड न फोडता उघडता आला पाहिजे. तैलरंगाने मला तशी सोय ठेवली नव्हती.

यानंतर जे घडले, त्याची आठवण झाली की अजूनही छाती धडधडते. घेराची धार सपाट नसेल तर पान सारखे ताणले जात नाही. ती पाहण्यासाठी आम्ही घेर जाड काचेवर ठेवला, आत दिवा ठेवला आणि खोलीत अंधार केला. वरची धार ठीक होती. रंगाचे चार थेंब तेवढे वाळले होते. खालच्या धारेखालून मात्र समोरासमोर दोन ठिकाणी प्रकाशाची रेघ बाहेर आली. तिथे धार किंचित खोलगट झाली होती. मी म्हटले, "झीज आहे." मिस्त्रींनी सपाट दगडावर काचकागद पसरला. इतक्यात आमच्या शेजारचे भाऊ आले. त्यांनी पोलीस बँडमध्ये सारा जन्म काढलेला. ते दारातूनच ओरडले, "गुरुजी, हात आवरा! ती झीज नव्हे, तारांची वाट आहे ती!"

खरेच होते ते. तारा पानावर शेवटपर्यंत अंग टाकून बसाव्यात म्हणून घडविणाऱ्याने त्या दोन जागा जाणूनबुजून तासलेल्या होत्या. आम्ही धार समतल केली असती, तर तारा पानापासून उचललेल्या राहून नुसत्या खरखरत राहिल्या असत्या. एका छिद्रावरून मी शहाणा झालो, अशी माझी समजूत होती. पण नऊ वर्षांपूर्वीचा रंगारी अद्याप माझ्यातच बसलेला होता.

तुम्ही विचाराल, मग जुन्या वस्तूला हातच लावू नये काय? तसे माझे म्हणणे नाही. इंग्लंडमधील बकलंड ॲबी या प्राचीन वास्तूशी दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याच्या ड्रमचे नाव जोडलेले आहे. ड्रेक १५९६ साली वारला. इंग्लंडवर संकट आले की तो ड्रम आपोआप वाजतो, अशी दंतकथा आहे. तसल्या ड्रमवर कोणी काठी टाकू नये, हे उचितच होय. आमचा ड्रम मुलांसाठी घेतलेला, तो वाजलाच पाहिजे. म्हणून पाने मी बेलाशक नवी घातली, आणि तीही कातड्याची नव्हेत, प्लास्टिकची. १९५७ च्या सुमारास अशी पाने अमेरिकेत प्रचारात आली. पावसाळी हवेत ती कातड्यासारखी सैल पडत नाहीत. भाऊंना हे रुचले नाही. कातड्याची गोडी त्यात नाही, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु पाने आणि तारा या मुळातच झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठी असतात. लाकडाचे तसे नाही.

लाकडावर एका बाजूस वीतभर जागा गुळगुळीत होऊन काळवंडली होती. चालताना ड्रम वाजवणाऱ्याच्या मांडीवर घासतो, त्याची ती खूण. मिस्त्रींना ती तासून काढावीशी वाटत होती. मी ती राखली. किती मुलांच्या पायांनी ती घडवली असेल! रंगामुळे माझ्याजवळ आलेला तो मुलगाही त्यांतलाच एक.

शेवटी पॉलिश. महाभारतातील लाक्षागृह तुम्हांला ठाऊक आहे. तीच ही लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एक इवलासा कीटक ती निर्माण करतो. झारखंडात तिचे उत्पन्न मोठे आहे. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून, त्याने पातळ हात द्यावयाचे, वाळू द्यावयाचे, पुन्हा द्यावयाचे. मला बारा दिवस लागले. रंगाऱ्याने ते काम एका दुपारात केले होते, आणि त्याची चकाकी माझ्यापेक्षा अधिक होती, हे मान्य केले पाहिजे.

ड्रम आता शाळेत आहे. सातवीतील एक मुलगी तो वाजवते. पहिल्या दिवशी तिने तारा सोडून एक ठोका दिला, मग तारा चढवून एक, आणि माझ्याकडे पाहून हसली. छिद्र मोकळे केले तेव्हा त्याच्या आतल्या कडेला हिरव्या रंगाचा एक ओघळ राहून गेला होता. मिस्त्रींनी विचारले, तोही काढू का? मी नको म्हटले. छिद्राला डोळा लावला तर तो अजून दिसतो.