टॅब कुणाच्या घराच्या मापाने घ्यायचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो. "दादा, दहा-बारा हजारांत कोणता टॅब घेऊ? अभ्यास झाला पाहिजे आणि पिक्चरही बघता आला पाहिजे." विचारणाऱ्या मुलाचे वडील नाक्यावर कामाला उभे राहतात, मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. दोघेही मोबाइलवर 'टॉप पाच टॅब' छापाची परीक्षणे बघून आलेले असतात आणि तरीही गोंधळलेले असतात.

हा गोंधळ त्यांचा दोष नाही. ती परीक्षणे ज्या घरासाठी केलेली असतात त्या घरात वाय-फाय असते, टेबलावर लॅपटॉप असतो, आईचा आणि वडिलांचा वेगळा फोन असतो. तिथे टॅब चौथी वस्तू म्हणून येतो. आमच्या घरात तो पहिली वस्तू म्हणून येतो आणि बहुतेकदा तीच शेवटचीही असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या मुलांनी टॅब आपल्या घराच्या मापाने निवडावा. आणि घराचे माप असे तोकडे का राहिले, याचा जाबही त्याच वेळी विचारावा.

आधी निवडीचे बोलू.

गेल्या वर्षी एका मुलीने परीक्षणे बघून चांगला टॅब घेतला. पडदा मोठा, आवाज उत्तम, किंमत आवाक्यातली. पण तो फक्त वाय-फायवर चालणारा. घरात वाय-फाय नव्हते, हॉटस्पॉट द्यायला एकच फोन होता, वडिलांचा. वडील वॉचमन. रात्रपाळी असली की संध्याकाळी फोन त्यांच्याबरोबर जायचा आणि मुलीचा टॅब कोरी पाटी होऊन पडायचा. म्हणजे अभ्यासाच्या वेळीच नेमका इंटरनेट नाही. रेडमी पॅड एसईसारखा ११ इंची टॅब वाय-फायचाच येतो. सॅमसंगच्या ए९ प्लसचा सिमवाला प्रकार वेगळा असतो आणि त्याला जास्त पैसे मोजावे लागतात. परीक्षण करणारा सांगतो, "सिमचे पैसे वाचवा." त्याच्या घरात ते वाचतात, आमच्या घरात ते बुडतात. घरात दिवसभर राहणारा दुसरा फोन नसेल, तर सिम टाकता येणारा टॅबच घ्या. त्यासाठी इतर गोष्टींत थोडे कमी चालेल.

ही एका घराची गोष्ट नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक होता. त्या मोजणीत टॅबसुद्धा संगणकातच धरला होता. आणि ही सर्व जातींची मिळून सरासरी आहे. त्या सरासरीत आपला समाज कुठे उभा असेल, हे सांगायला वेगळे सर्वेक्षण नको. मग २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनच्या पडद्यावर गेले. ज्यांच्याकडे पडदा नव्हता त्यांची शाळा सुटली, तिला कुणी शाळाबंदी म्हटले नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. आपली मुले टॅबवर प्रामुख्याने पीडीएफ वाचतात. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, त्यांच्याही प्रती इंटरनेटवर मोफत आहेत. हे सगळे मोठ्या पानावर छापायला केलेले आहे. आठ-साडेआठ इंची पडद्यावर ते पान इतके आकसते की प्रत्येक ओळ बोटांनी ताणून वाचावी लागते. तळटीप तर दिसतच नाही. दोन दिवसांत वाचणारा कंटाळतो आणि दोष स्वतःला देतो, की मला वाचनाची आवडच नाही. आवड आहे, पडदा लहान आहे. वाचनासाठी दहा-अकरा इंची पडदा बघा आणि त्याचे रिझोल्यूशन १९२० बाय १२०० असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट स्वस्ताईची. पाच-सहा हजारांत अनोळखी नावाचे टॅब मिळतात, दोन जीबी रॅमचे. ते घेऊ नका. हा धडा सरकारनेच एकदा आपल्याला दिला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' नावाचा टॅब गाजावाजा करून आणला गेला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याची जाहिरात झाली. रॅम २५६ एमबी, पडदा सात इंची आणि तोही बोटाने दाबल्याशिवाय न ऐकणारा. गरिबाच्या मुलाला काहीही चालते, हा त्यामागचा हिशोब होता. तो हिशोब आपण स्वतःच्या मुलांना लावू नये. निदान चार जीबी रॅम, जमल्यास सहा. साठवण ६४ जीबी असेल तर मेमरी कार्डाची खाच हवीच, कारण डेटा संपल्यावर उपयोगी पडतात ती आधी उतरवून ठेवलेली व्याख्याने. बॅटरी सात हजार एमएएचच्या आसपास. आणि तालुक्याच्या गावी, निदान जिल्ह्याला, दुरुस्ती केंद्र आहे का ते विकत घेण्याआधी विचारा.

आणखी दोन सूचना. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा करणाऱ्याने टॅबऐवजी हमी असलेला जुना लॅपटॉप बघावा, प्रोग्रॅमिंग आणि ड्रॉइंग टॅबवर नीट होत नाही. आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर हप्त्याने टॅब घेऊ नका. शिष्यवृत्ती कधी जमा होईल याची तारीख कुणी सांगत नाही, हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही.

आता करमणुकीकडे वळू, कारण इथे आपलेच लोक आपल्या मुलांवर उलटतात. "अभ्यासाला म्हणून घेतला आणि पिक्चर बघतोय" हे वाक्य आम्ही शंभर घरांत ऐकले असेल. सवर्णाच्या मुलाने सिनेमा पाहिला तर त्याला जगाची ओळख होते. आमच्या मुलाने पाहिला तर तो वाया जातो. हा न्याय कुठला? बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आंबेडकरी जलशांनी आमच्या निरक्षर आजोबांपर्यंत चळवळ नेली ती गाण्यातून आणि सोंगातून. भीमराव कर्डकांच्या जलशाला करमणूक म्हणायचे की शिक्षण? 'फँड्री' बघून ज्या मुलाला आपल्या वर्गातले आठवले, तो त्या दोन तासांत अभ्यासच करत होता. आणि समजा त्याने नुसतीच मारधाड पाहिली, तरी दिवसभर राबणाऱ्या घरातल्या पोराला तासभर हसण्याचा हक्क आहे. तो हक्क सिद्ध करायला गुणपत्रिका लागू नये.

म्हणून टॅब घेताना करमणुकीचेही बघा, संकोच करू नका. काही स्वस्त टॅबना वाइडवाइन एल१ ही मान्यता नसते. मग मोठ्या ओटीटीवर पैसे भरूनही चित्र धुरकट दिसते. दुकानदाराला हे नावानिशी विचारा.

मात्र एका बाबतीत आम्ही आपल्या घरांना सोडणार नाही. टॅब मुलीच्या नावाने येतो आणि संध्याकाळी भावाच्या हातात असतो. ती स्वयंपाकात, तो गेममध्ये. फुले दांपत्याचे फोटो भिंतीवर आणि घरातली वाटणी मनूची, हे चालणार नाही. टॅब आणण्याच्या दिवशीच वेळेची वाटणी ठरवा. आणि मुलीची वेळ चूल-भांडी आटोपल्यावर उरलेली नसावी, ठरलेली असावी.

आता जाब विचारण्याचे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. टॅबवर १८ टक्के. ज्या घरात पुस्तके टॅबवरूनच येतात, त्या घराने ११,८०० रुपये मोजले की त्यातले १,८०० रुपये कर असतो. ज्ञानावर कर नको म्हणून पुस्तक मोकळे ठेवले, मग विद्यार्थ्याच्या टॅबला तोच न्याय का नाही? महाज्योतीने इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्यांना मोफत टॅब आणि डेटा दिला. हे चांगले झाले, आणि सरकारला हे जमते हेही सिद्ध झाले. मग कला शाखेत शिकून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीने काय गुन्हा केला? मागासवर्गीय वसतिगृहातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, शाखा न विचारता, टॅब आणि वसतिगृहात वाय-फाय मिळाले पाहिजे. अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी त्यांच्यावरच खर्च व्हावा, एवढीच ही मागणी आहे. यात उपकार नाहीत.

सरकार देईपर्यंत आपण काय करायचे? आमची सूचना काहींना टोचेल. १४ एप्रिलला डीजेसाठी जी वर्गणी जाते, तिचा तिसरा हिस्सा मंडळांनी बाजूला काढावा आणि बुद्धविहारात टॅबचे वाचनालय करावे. चार टॅब, एक वाय-फाय, एक वही. ज्याला लागेल त्याने नोंद करून घ्यावा आणि परत आणून द्यावा.

"जयंती हा आमचा सण आहे, त्यावर बोट ठेवू नका," असे कार्यकर्ते म्हणतील. आम्हीही त्या मिरवणुकीत नाचलो आहोत. हजारो वर्षे ज्यांना रस्त्यावर चालू दिले नाही त्यांनी रस्ता भरून चालणे हे राजकारणच आहे, आम्हाला मान्य आहे. म्हणून आम्ही मिरवणूक बंद करा म्हणत नाही. डीजेच्या सहा भिंतींपैकी दोन कमी करा म्हणतो. त्या दोन भिंतींचा आवाज एका रात्रीत विरतो. चार टॅब मात्र पुढची तीन-चार वर्षे चालतात आणि वॉचमनच्या रात्रपाळीतही चालतात.

ती वॉचमनची मुलगी आता आमच्या अभ्यासिकेत येऊन टॅब वापरते. अभ्यासिका रात्री नऊला बंद होते. तिची मागणी साधी आहे, दहापर्यंत उघडी ठेवा. आम्ही ठेवतो आहोत. तुमच्या वस्तीतला विहार किती वाजता बंद होतो?

जय भीम.