फॅब्रिक शिकायचे, पण कोणत्या खात्यात?



गेल्या पौर्णिमेला मालवण तालुक्यातील एका वाडीच्या बुद्धविहारात वंदनेला जाण्याचा योग आला. वंदना आटोपून चहा घेत असताना एक मावशी शेजारी येऊन बसल्या. काजूच्या कारखान्यात राबून त्यांनी मुलाला बी.एस्सी. केले आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माजो झील म्हणता, मी फॅब्रिक शिकतलंय. फॅब्रिक म्हणजे कापडच मां? सासरो आमचो जल्मभर मुंबयक गिरणीत रवलो. गिरण्यो कधीच बंद पडल्यो. आता ह्यो कापडाचा शिकान काय करतलो?"

मुलगा ओशाळला, आजूबाजूचे हसले. पण मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर आज या सदरात देत आहे, कारण असे मुलगे-मुली आता आपल्या बऱ्याच घरांत आहेत.

हे फॅब्रिक अंगावर घालण्याचे नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केलेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही संगणकावरची व्यवस्था आहे. पूर्वी माहिती गोळा करायला एक सॉफ्टवेअर, साठवायला दुसरे, तक्ते काढायला तिसरे असे. फॅब्रिकमध्ये ही सर्व कामे एका छपराखाली आणली आहेत आणि सर्वांची माहिती 'वनलेक' नावाच्या एकाच साठ्यात राहते. डेटाब्रिक्ससारख्या इतर कंपन्यांच्याही अशा व्यवस्था आहेत. म्हणजे मावशी फार चुकल्या नाहीत. ही गिरणीच आहे, फक्त सुताऐवजी येथे माहिती विणली जाते. आणि गिरणी म्हटली की खाती आली.

गिरणीतील खात्यांचा इतिहास आपल्या घरातील मुलांना ठाऊक असायला हवा. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता. पण ते खाते आपल्या माणसांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. त्यामुळे आपले आजे-पणजे कमी पगाराच्या सूतकताई खात्यात राहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. इतर मागण्यांबरोबर साचाखातेही आमच्या माणसांना खुले करा, हा त्यांचा आग्रह होता. गिरणीत नुसता प्रवेश मिळून भागत नाही, कोणत्या खात्यात प्रवेश मिळतो हे पाहावे लागते, हा त्यातील धडा आहे.

आज संगणकाच्या गिरणीतही तेच पाहावे लागेल. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या अनेक मुलामुलींनी तो केला आणि डेटा एंट्रीची कामे मिळवली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही. परंतु डेटा एंट्री हे या गिरणीचे पहिले दार आहे. दहा-दहा वर्षे दारातच उभे राहायचे आणि आतली खाती इतरांनी भरायची, असे होऊ नये.

आत कोणती खाती आहेत ते बंदरावरच्या उदाहरणाने पाहू. समजा, आपल्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेने आपला सगळा हिशेब फॅब्रिकवर आणायचे ठरवले. डिझेलची वही वेगळी, बर्फाची वेगळी, लिलावाची वेगळी.

पहिले काम डेटा इंजिनिअरचे. तो या सर्व वह्या रोज आपोआप एका साठ्यात येतील अशी वाट बांधतो आणि चुका दुरुस्त करतो. एका वहीत 'बांगडा', दुसरीत 'बांगडो', तिसरीत इंग्रजी स्पेलिंग असेल तर संगणक तीन निरनिराळे मासे मोजतो. हे एकत्र करणे त्याचेच काम. त्याला एसक्यूएल आणि पायथन यायला हवे.

दुसरे काम ॲनालिटिक्स इंजिनिअरचे. डिझेलचा खर्च आणि लिलावाची जमा यांची बोटीनुसार सांगड घालून 'नफा' कशाला म्हणायचे हे एकदाच पक्के करून ठेवणे, म्हणजे प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघत नाही.

तिसरे काम डेटा ॲनालिस्टचे. तो पॉवर बीआय वापरून तक्ते आणि आलेख काढतो. कोणत्या महिन्यात बर्फ वाया गेला, कोणत्या बोटीला डिझेल जास्त लागले, हे सभासदांना समजेल असे मांडतो. ज्यांना एक्सेल चांगले येते आणि माणसांशी बोलता येते, त्यांनी इथून सुरुवात करावी.

चौथे काम डेटा सायंटिस्टचे. जून-जुलैची मासेमारी बंदी संपल्यावर पहिल्या आठवड्यात किती बर्फ लागेल, असा अंदाज तो जुन्या आकड्यांवरून बांधतो. त्याला संख्याशास्त्र पक्के हवे. गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनी हे खाते डोळ्यांपुढे ठेवावे.

पाचवे काम व्यवस्थापकाचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे. कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे, खर्च किती व्हावा, हे तो ठरवतो.

आणि संस्थेच्या चेअरमनला यातले काहीच बनवावे लागत नाही. त्याला तक्ता वाचता आला आणि दोन नेमके प्रश्न विचारता आले की पुरे.

म्हणून सर्व काही एकदम शिकण्याच्या मागे लागू नये. आपले काम कोणते किंवा आपल्याला कोणते काम करायचे आहे ते आधी ठरवावे आणि तेवढीच वाट धरावी. मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावर हे धडे कामाच्या भूमिकेप्रमाणे लावलेले आहेत आणि ते मोफत आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. ॲनालिस्टसाठी पीएल-३००, ॲनालिटिक्स इंजिनिअरसाठी डीपी-६००, डेटा इंजिनिअरसाठी डीपी-७०० अशा परीक्षा आहेत. पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजच्या संगणकावर फुकट घेता येते. फॅब्रिकवर हात बसवायला मात्र कॉलेजचे किंवा कचेरीचे ईमेल खाते लागते, साधे घरगुती खाते चालत नाही. कॉलेज सोडण्यापूर्वीच याची चौकशी करावी. हजारो रुपये घेऊन 'सगळे शिकवतो' म्हणणाऱ्या क्लासला आधी विचारावे, "कोणत्या कामासाठी शिकवता?" उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता बांगड्याच्या उदाहरणाकडे पुन्हा येतो, कारण ते आपल्याही घरचे आहे. आपल्या मुलांच्या दाखल्यांवर आणि कचेऱ्यांच्या यादीत कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध', कुठे 'बुद्धिस्ट' लिहिलेले असते. संगणक त्यांना तीन वेगळे समाज समजेल. कोणी एकाने बसून ते जुळवावे लागते, आणि तो कसे जुळवतो यावर आपण किती दिसतो ते ठरते. आकड्यांची ताकद आपल्याला नवी नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ती २७ लाखांच्या पुढे गेली. २०११ मध्ये ती ६५ लाखांवर होती. २०२७ ची जनगणना डिजिटल पद्धतीने आणि जातीच्या नोंदीसह करण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. त्या माहितीचे तक्ते ज्या टेबलांवर तयार होतील तेथे आपली शिकलेली मुलेमुली असावीत, हे मला महत्त्वाचे वाटते. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी आकडे मांडूनच युक्तिवाद केला होता. आकडा कोठून आला हे विचारण्याची सवय हा त्यांचाच वारसा आहे.

विहारात मी त्या मुलाला विचारले, "तुला कोणत्या खात्यात जायचे आहे?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही वहीवर पाच खाती लिहिली. तो संख्याशास्त्र शिकलेला, म्हणून त्याने चौथ्यावर बोट ठेवले. पण आधी तिसऱ्यात सहा महिने हात बसवीन, असेही स्वतःच म्हणाला. हा विचार मला पटला.

मावशींनी वही हातात घेतली आणि विचारले, "ह्यातला साचाखाता खयचा?"

मी म्हटले, "आता सगळीच खाती खुली आहेत, मावशी. फक्त त्याला दारात थांबू देऊ नका."

जय भीम! नमो बुद्धाय!