पश्चिमी स्टारची एक ओळ

१९५२ साली उदगीर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून कुणी सैन्यात गेला असेल, तर त्याच्या कागदावर घरचा पत्ता असा पडला असेल : तालुका उदगीर, जिल्हा बिदर, राज्य हैदराबाद. त्याच्याच गावचा दुसरा पोरगा १९५८ मध्ये भरती झाला, तर जिल्हा उस्मानाबाद आणि राज्य मुंबई. १९६३ मध्ये गेलेल्याचा जिल्हा तोच, पण राज्य महाराष्ट्र. पुढे १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि आपण तिकडे गेलो. १९९९ मध्ये देवणी आणि जळकोट हे तालुके वेगळे निघाले. गाव जागचं हललं नाही, शिवार तेच, मारुतीचा पार तोच. पण एकाच गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांच्या डिस्चार्ज बुकात तीन पत्ते आहेत आणि तिन्ही आधार कार्डाशी जुळत नाहीत.

नावांचं तर विचारूच नका. भरतीच्या वेळी कारकुनानं विचारलं, यानं स्वतःचं आणि बापाचं नाव सांगितलं, आडनाव राहूनच गेलं. ज्यांचं लिहिलं गेलं त्यांच्यात बिरादारचं बिराजदार झालं, रोमन लिपीत आणखी तिसरंच काही झालं. तरुणपणी याचा त्रास होत नाही. जवानाला युनिटमध्ये नंबरावरून ओळखतात आणि नंबर सहसा बदलत नाही. त्रास सुरू होतो तो माणूस घरी आल्यावर, साठी-सत्तरीत, जेव्हा त्याच्या सेवेतली एखादी गोष्ट कागदावर नाही असं ध्यानात येतं.

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त हवालदार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, यांच्या बाबतीत तेच झालं. त्यांची रेजिमेंट मी इथे लिहीत नाही. १९६३ ला भरती, १९८० ला पेन्शन. डिस्चार्ज बुकात पदकांचं पान आहे. त्यावर सैन्य सेवा मेडल आहे, १९६५ चं रक्षा मेडल आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, नऊ वर्षांच्या सेवेचंही आहे. पश्चिमी स्टार नाही. १९७१ च्या डिसेंबरात मामा पश्चिम आघाडीवर होते. त्यांच्या छातीत अजून ती थंडी आहे, सोबत गेलेल्यांपैकी कोण परत आलं नाही हे ते नावानिशी सांगतात. पण त्या दिवसांत त्यांना दुसऱ्या एका युनिटला अटॅच केलेलं होतं. स्वतःच्या युनिटला वाटलं ते लोक नोंद करतील, त्या युनिटला वाटलं हे करतील. ओळ लिहायची राहिली.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जवानाच्या आयुष्यात जे जे घडतं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, जखम, पदक, ते युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निघतं. तिथून ते रेकॉर्ड ऑफिसात जातं आणि त्याच्या शीट रोलवर चढतं. निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. पहिली पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. कारकून खोटं लिहीत नाही. त्याच्यापुढे जे नाही ते तो लिहू शकत नाही, एवढंच. पश्चिमी स्टार आणि पूर्वी स्टार ही प्रत्यक्ष त्या त्या आघाडीवर असलेल्यांची पदकं आहेत. एकाहत्तरच्याच संग्राम मेडलची कक्षा त्याहून बरीच मोठी होती. म्हणून मामांच्या बुकातून पुसटसं असं दिसतं, की हा माणूस त्या काळात फौजेत होता, पण आघाडीवर नव्हता.

वर्षानुवर्षं त्यांनी याकडे लक्ष दिलं नाही. मग एका विजय दिवसाच्या कार्यक्रमात एकाहत्तरच्या लढाईतल्या माजी सैनिकांचा सत्कार झाला. आयोजकांनी डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स मागवून यादी केली आणि ज्यांच्याकडे स्टार त्यांना मंचावर बोलावलं. मामा खाली खुर्चीवर बसून होते. घरी आल्यावर नातवानं विचारलं, आजोबा, तुम्ही लढाईत नव्हता का? त्यानंतर ते बुक घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, मामा, या पदकाला भत्ता नसतो, पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढायचा नाही. ते म्हणाले, "पैशाचं कोन बोललं लेका? मी तितं व्हतो का नव्हतो, तेवढं सरकारनं लिहावं."

यानंतर मी या विषयात शिरलो आणि मला जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शौर्यपदकाची नोंद चुकली तर निदान कुणीतरी धावपळ करतं, कारण तिथे पैसा आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला दरमहा २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,००० आणि सेना मेडलला २,००० रुपये भत्ता मिळतो. जखमेची नोंदही तशीच. शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याचं कागदावर असेल तर युद्धजखमीचं पेन्शन मिळतं आणि ते साध्या अपंगत्वाच्या पेन्शनपेक्षा बरंच जास्त असतं. ती एक ओळ नसली तर जन्मभराचं नुकसान. पण सेवापदकांमागे, त्या रंगीत फितींच्या साध्या तुकड्यांमागे पैसा नाही, म्हणून त्यांच्या दुरुस्तीचा अर्ज ढिगाच्या तळाशी जातो. माझं म्हणणं असं आहे की तो वर यायला हवा. ज्यात लाभ नाही त्याची मागणी माणूस फक्त खरेपणासाठी करतो.

आणि चुका लहान माणसांच्याच बाबतीत होतात असंही नाही. कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर लढलेला १८ ग्रेनेडियर्सचा योगेंद्रसिंह यादव, एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला परमवीर चक्र जाहीर झालं तेव्हा मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. तो दवाखान्यात जिवंत होता, गेला होता त्याच्याच नावाचा दुसरा जवान. देशातल्या सर्वोच्च युद्धसन्मानाच्या कागदावर ही गल्लत होऊ शकते, तर आमच्या बिरादार-बिराजदारांचं काय! त्याच लढाईत बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांना आपल्या कामगिरीच्या खऱ्या नोंदीसाठी न्यायाधिकरणात जावं लागलं. सशस्त्र दल न्यायाधिकरणानं २०१० च्या मे महिन्यात त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि लढाईचा अधिकृत वृत्तांतच दुरुस्त करायला सांगितलं. ब्रिगेडियर हुद्द्याच्या माणसाला अकरा वर्षं लागली.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. सांगली जिल्ह्यातला हा ईएमई या सैन्याच्या तांत्रिक दलाचा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यानं आणलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुनचा जीवनगौरव २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तोही त्यांच्यावर सिनेमा निघून घराघरात नाव पोचल्यानंतर. हा सैनिकी रेकॉर्डचा मामला नव्हता, मला मान्य आहे. पण कमावलेली गोष्ट मागायला लावायची आणि मागणारा म्हातारा होईपर्यंत थांबायचं, ही रीत तीच. मामांवर कुणी सिनेमा काढणार नाही.

मामांचा अर्ज आम्ही रेकॉर्ड ऑफिसला रीतसर केला. डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, त्या महिन्यांत कुठे होतो याचं शपथपत्र, त्यांच्यासोबत असलेल्या आणि आज हयात असलेल्या एका जोडीदाराचं निवेदन. उत्तर आलं, की अशी नोंद आढळत नाही, आपल्याकडे पार्ट टू ऑर्डरची प्रत असल्यास सादर करावी. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. पार्ट टू ऑर्डर युनिट काढतं आणि ती रेकॉर्डला जाते, जवानाच्या ट्रंकेत तिचं काय काम? जी गोष्ट सरकारच्या कपाटात असायला हवी ती नाही म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसानं ती आणून द्यायची! मामांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप नव्हती.

नोंदी नाहीशा होणं दुसरीकडेही घडलं आहे, पण तिथे काय केलं ते बघा. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख जवानांच्या फायली जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. मग तिथल्या कचेरीनं पगाराची कागदं, दवाखान्याच्या नोंदी, युनिटचे रोजचे अहवाल असं जिथून मिळेल तिथून गोळा करून माणसामाणसाची सेवा पुन्हा उभी करायला घेतली आणि ते काम पुढे कित्येक दशकं चाललं. हातात त्या फायली नसताना शोध घेण्याचं ओझं कचेरीनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. आपल्याकडे तर आग लागलेली नाही. दोन युनिटांच्या त्या महिन्यांच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवल्या, तर अटॅचमेंटवर गेलेला माणूस कुठल्या तरी एका हजेरीत, एका पगारपत्रकात सापडायलाच हवा.

वेळ मात्र थोडा आहे. पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्या जवानांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करण्याची सैन्याच्या नियमांतच तरतूद आहे. त्यांच्यामागे उरतो फक्त लाँग रोल, तो कायम ठेवतात, पण त्यात माणसाच्या सेवेचे दोन-चार ठळक तपशीलच असतात. साठ-सत्तरच्या दशकात आपल्या भागातून गेलेली किती तरी पोरं काही वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे सैन्यातली प्रत्यक्ष नोकरी, करून घरच्या शेतीसाठी परत आली. त्यांच्या फायली आता नसतील. एकाहत्तरला वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. तो गेला, की साक्ष देणाराही गेला. आणि मागे राहिलेल्या बाईचं नाव लग्नात बदललेलं, रेकॉर्डात माहेरचं. तिची पेन्शन चालू करताना काय हाल होतात हे लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर एक सकाळ बसलं तरी कळतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उदगीर, देवणी, जळकोट, अहमदपूर, निलंगा, आणि नांदेडकडचे देगलूर-मुखेड, या तालुक्यांच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं डिस्चार्ज बुक तपासणीची शिबिरं घ्यावीत. नुसता हयातीचा दाखला घेऊन माणसाला परत पाठवू नये. बुक उघडावं, पदकांचं पान वाचावं, आणि तुम्ही कुठे होता असं विचारून त्याच्याच तोंडून लिहून घ्यावं. गावाच्या जुन्या-नव्या जिल्ह्याचा एक दाखला तहसीलनं छापूनच ठेवावा, बिदर ते उस्मानाबाद ते लातूर, तारखांसह, म्हणजे पत्त्यावरून अर्ज परत येणार नाही. आणि नोंद सापडत नाही असं लिहिणाऱ्या कचेरीनं, आपण कुठे कुठे शोधलं तेही त्याच पत्रात लिहावं.

घरच्यांनी करायचं ते आजच करता येतं. आजोबांच्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक काढा, पदकांची यादी वाचा आणि त्यांना समोर बसवून विचारा. १९६५, १९७१, श्रीलंका, सियाचीन, कारगिल, जिथे ते होते तिथली ओळ आहे का बघा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, आणि माहितीच्या अधिकारात शीट रोल, लाँग रोलमधली नोंद आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागा. नंबर, हुद्दा, नाव रेकॉर्डात आहे तसंच लिहा, आधारवर आहे तसं नको. सोबतचा कुणी जिवंत असेल तर त्याचं निवेदन आधी घ्या. इतकं करूनही नाही म्हटलं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे.

मामांचा माहितीच्या अधिकारातला अर्ज गेला आहे. या वेळी आम्ही दोन्ही युनिटांची नावं घातली आहेत आणि दोघांच्याही डिसेंबर १९७१ च्या पार्ट टू ऑर्डर मागितल्या आहेत.